नसलेलें रूप

निवृत्त माणसानें काय करावें याविषयीं आपल्या समाजाच्या कांहीं ठाम कल्पना आहेत. सकाळीं फिरावयास जावें, दुपारीं वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावें, वर्षांतून एकदां तीर्थयात्रा करावी आणि मुलांच्या संसारांत लक्ष घालूं नये. यांपैकीं शेवटचें व्रत सर्वांत कठीण. तें साधावें म्हणून मीं वयाच्या बहात्तराव्या वर्षीं लॅटिन शिकावयास घेतलें. घरांत ही बातमी फुटली तेव्हां आमच्या मंडळींनीं एवढेंच विचारलें, "शिकून बोलणार कोणाशीं?"

प्रश्न बिनतोड होता. जी भाषा आज कोणाचीहि मातृभाषा नाहीं, ती शिकून माणूस बोलणार तरी कोणाशीं? पण मला बोलावयाचें नव्हतेंच, नुसतें वाचावयाचें होतें. निदान त्या वेळीं मला तसें वाटत होतें.

माझे गुरु म्हणजे आमच्याच इमारतींत तळमजल्यावर राहणारे एक गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थ. उभी हयात त्यांनीं रेल्वेंत काढली. लहानपणीं सासष्टींतल्या आपल्या गांवच्या चर्चमध्यें ते मिस्सेच्या वेळीं पाद्रीबोवांच्या सेवेला उभे राहत. १९६० नंतरच्या दशकांत लोकभाषांना मोकळीक मिळाली. तोंवर रोमन पद्धतीची मिस्सा लॅटिनमध्येंच होत असे. दहा वर्षांच्या पोरानें लॅटिन उत्तरें मुखोद्गत करावयाचीं. अर्थ मागाहून कळला तर कळला. आपल्याकडे मुंज झालेला बटु संध्या करतो, त्याहून हें फारसें निराळें नव्हे. या गृहस्थांपाशीं पाठीचा पुठ्ठा सुटलेलें एक जुनें लॅटिन व्याकरण होतें आणि माझ्यापाशीं थोडेंसें संस्कृत होतें. या दोन भांडवलांवर आमची पाठशाळा सुरू झाली.

संस्कृत मला शिकवलें तें दादांनीं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनीं वडील. वाईच्या आमच्या घराच्या ओसरीवर दिवेलागणीनंतर ते मला घेऊन बसत आणि शब्द व धातु एका सुरांत म्हणून घेत. चुकलें तर ते रागावत नसत, छडीहि उगारीत नसत, नुसते थांबत. बरोबर रूप माझ्या तोंडून येईपर्यंत ते तसेच माझ्याकडे पाहत थांबून राहत. त्यांचें तें थांबणें मला छडीपेक्षां जड जाई.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही व्याकरणाच्या त्या पुस्तकांत पांगळ्या क्रियापदांच्या प्रकरणापाशीं येऊन पोंचलों. पांगळें हा शब्द माझा. लॅटिन वैयाकरण त्यांना 'उणीं' क्रियापदें म्हणतात. ज्यांचीं सगळीं रूपें चालत नाहींत, कांहीं थोडींच तेवढीं वापरांत आढळतात, अशीं हीं क्रियापदें. त्यांत मला 'फारी' भेटलें.

'फारी' म्हणजे बोलणें. रोजच्या व्यवहारांतलें बोलणें नव्हे; त्यासाठीं लॅटिनमध्यें 'लोक्वोर' आहे, 'दीको' आहे. 'फारी' हें जुन्या, भारदस्त वळणाचें क्रियापद. कवींच्या आवडीचें आणि गद्यांत विरळा. सिसेरोनें इ. स. पूर्व ५५ मध्यें लिहिलेल्या वक्तृत्वावरील ग्रंथांत याच्याच 'एफारी' या सोपसर्ग रूपाची गणना, जुनाट असले तरी बेतानें वापरल्यास भाषणाला भारदस्तपणा आणणाऱ्या शब्दांत केली आहे. त्याची चाल कर्मणि, पण अर्थ कर्तरि. लॅटिनमध्यें अशा क्रियापदांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. आपल्या आत्मनेपदाची आठवण ठेवली म्हणजे त्याचें नवल वाटत नाहीं.

आतां त्याचीं रूपें पाहा. 'फातुर', तो बोलतो; 'फान्तुर', ते बोलतात; 'फाबोर', मी बोलेन; 'फाबितुर', तो बोलेल; 'फारे', बोल; 'फातुस', बोलून झालेला; 'फान्दो', बोलण्यानें; 'फान्दुस', बोलण्याजोगा. यांशिवाय आणखी दोनचार मिळतात, उपसर्ग लावले तर थोडीं अधिक. बाकी कोष्टकांत ठिकठिकाणीं आडव्या रेघा. आणि पहिली रेघ अगदीं पहिल्याच रकान्यांत, वर्तमानकाळाच्या एकवचनीं 'मी'पुढें! लॅटिन कोशांत क्रियापद 'मी'च्या रूपाखालीं मांडण्याची चाल आहे, म्हणून कांहीं कोशकार नियमानें सिद्ध होणारें 'फोर' हें रूप मथळ्याला छापतात. पण अभिजात वाङ्मयांत तें कोणी वापरलेलें आढळत नाहीं. बोलणें या अर्थाचें क्रियापद, आणि त्याला 'मी बोलतों' असें म्हणतां येत नाहीं!

मीं पुस्तक मिटलें आणि हंसलों. शेजारी मात्र गंभीरपणें म्हणाले, "रेल्वेंत असे पुष्कळ साहेब पाहिले. दुसरा काय बोलला तें सगळें सांगतील. स्वतः काय बोलले तें विचारा, फाइलींत सांपडणार नाहीं."

या क्रियापदाच्या कुळाचा शोध घेऊं लागलों तेव्हां तें अगदीं घरचें निघालें. संस्कृतांतल्या आरंभींच्या 'भ'च्या जागीं लॅटिनमध्यें 'फ' येतो हा तुलनात्मक व्याकरणाचा ठरलेला नियम आहे. आपला भ्राता तो तिकडचा 'फ्रातेर', आपलें भरामि तें तिकडचें 'फेरो', आपल्या 'भू' धातूचे नातलग तिकडचें 'फुई'. फ्रान्ट्स बोप या जर्मन पंडितानें १८१६ मध्यें संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारशी व जर्मानिक भाषांच्या क्रियापदांचीं रूपें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं आणि या शास्त्राचा पाया घातला. त्या रीतीनें 'फारी'चे भाऊबंद शोधले तर ग्रीकमध्यें 'फेमि' मिळतें. याला मात्र 'मी बोलतों' हें रूप आहे, किंबहुना 'फेमि' हेंच तें रूप. वेदांत 'भन्' धातु मिळतो. पुढें संस्कृत व प्राकृतांत 'भण्' होतो, आणि त्या 'भण्'पासून आलेलें आपलें नित्याचें क्रियापद म्हणजे 'म्हणणें'. हजारों कोसांवरचा आणि हजारों वर्षांपूर्वीं ताटातूट झालेला नातलग आपल्याच स्वयंपाकघरांत पाटावर बसलेला आढळावा, तसें मला झालें.

लॅटिनमधला याचा गोतावळाहि मोठा आहे. लोक बोलतात ती 'फामा', म्हणजे वार्ता, लौकिक, कुजबूज. तिच्यापासून इंग्रजी 'फेम'. आपण मराठींत "त्यानें घर विकलें म्हणे" असें सांगतों, तेव्हां तें शेवटचें 'म्हणे' नेमकें या फामेचें काम करीत असतें. बोलणारा कोण हें सांगण्याची जबाबदारी त्यांत कोणावरच नसते. सांगितली जाते ती 'फाबुला', म्हणजे कथा. ग्रंथाच्या आधीं बोलावयाची ती 'प्रेफातियो', म्हणजे प्रस्तावना. आणि जें एकदां बोललें गेलें, ज्याला आतां फिरवणें नाहीं, तें 'फातुम', दैव. आपण दैवाला लिखित मानतों, सटवाईनें कपाळावर लिहिलेलें. रोमन माणसानें त्याला उच्चारलेलें मानलें. ज्याला अजून बोलतां येत नाहीं तें तान्हें मूल 'इन्फान्स'. अशा मुलानें पहिला शब्द उच्चारला म्हणजे रोमन घरांत एका देवतेला नैवेद्य होई, तिचें नांव फाबुलिनुस. वर्रो या रोमन पंडितानें हें नमूद करून ठेवलें आहे. मुलाच्या पहिल्या शब्दासाठीं स्वतंत्र देव नेमणाऱ्या त्या लोकांविषयीं मला तेव्हांपासून फार आपुलकी वाटते.

असें हें भरलें गोकुळ; आणि यजमानाच्या पानावर मात्र 'मी'ची जागा रिकामी. तो रकाना माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तेव्हां ओसरीवरची आठवण जागी झाली. संस्कृतांतहि असेंच एक पांगळें क्रियापद आहे. 'ब्रू' म्हणजे बोलणें, या धातूचीं वर्तमानकाळाचीं नऊ रूपें. त्यांतल्या पहिल्या पांचांना पाणिनीनें तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादांत पर्याय दिला आहे. ब्रवीति म्हणा किंवा आह म्हणा. आह, आहतुः, आहुः, आत्थ, आहथुः. तो बोलतो, ते दोघे बोलतात, ते सगळे बोलतात. तूं बोलतोस, तुम्ही दोघे बोलतां. तेथें संपलें. 'मी'पर्यंत तें क्रियापद पोंचतच नाहीं. दादा हीं पांच रूपें म्हणून घेत तेव्हां मीं विचारलें होतें, "पुढचीं कुठें गेलीं?" ते म्हणाले होते, "पुढचीं ब्रूकडून उसनीं आणायचीं. ब्रूथ, ब्रवीमि, ब्रूवः, ब्रूमः."

आणि हें पाहा: 'म्हणणें' या आपल्या क्रियापदाला सगळीं रूपें आहेत, तरी आपल्या संतांनीं सहीच्या जागीं काय घातलें? 'तुका म्हणे', 'नामा म्हणे'. सगळें अंतःकरण ओतून झाल्यावर शेवटीं स्वतःकडे बोट दाखवावयाचें तेंहि परक्या माणसासारखें, तृतीय पुरुषीं. ज्यांच्यापाशीं बोलण्यासारखें सर्वांत अधिक होतें त्यांनींच 'मी म्हणतों' हें रूप बाजूला ठेवलें.

यांत कांहीं गूढ आहे असें मीं म्हणावें अशी वाचकांची अपेक्षा असेल, तर ती पुरी करतां येणार नाहीं. कारण सरळ आहे. 'आह' आणि 'फातुर' हीं दोन्हीं मुख्यतः दुसऱ्याचें बोलणें सांगण्याचीं साधनें. कवि गोष्ट सांगतो, वीर बोलूं लागतो, कवि मध्येंच म्हणतो, 'असें तो बोलला'. व्हर्जिलच्या 'इनीड' महाकाव्याचा सहावा सर्ग या 'फातुर'नेंच उघडतो. असल्या क्रियापदाला 'मी'ची गरज सहसा पडत नाहीं. आणि ज्या रूपाची गरज पडत नाहीं तें घसाऱ्यानें गळून पडतें किंवा घडतच नाहीं. भाषेच्या संसारांत न वापरलेलें भांडें कोणी माळ्यावरहि जपून ठेवीत नाहीं.

तरी शोध घेतांना मला 'मी'चीं दोन रूपें सांपडलींच, आणि दोन्हीं विचार करावयास लावणारीं. पहिलें 'फाबोर', मी बोलेन. 'इनीड'च्या पहिल्या सर्गांत तें येतें. पण तें कोणाच्या तोंडीं? देवांचा राजा ज्युपिटर याच्या. मुलाच्या काळजीनें व्याकुळ झालेल्या व्हीनसला, आपल्या लेकीला, तो दैवाचें गुपित उघड करून सांगणार असतो. म्हणजे बोललें तें फातुम, आणि बोलणारा ज्युपिटर. त्याला हें रूप शोभलें. दुसरें 'फारेर', आणि तें एका माणसाचें. संत ऑगस्टिन याच्या आत्मचरित्रांत, सुमारें ४०० सालीं लिहिलेल्या 'कन्फेशन्स' ग्रंथाच्या पहिल्याच भागांत, तो आपलें तान्हेपण आठवतो आणि आपण 'न बोलणारें' मूल कसे उरलों नाहीं तें सांगतो. तेथें त्यानें 'मी'चें रूप वापरलें आहे, पण तें नकाराला चिकटलेलें! देवाला 'मी बोलेन', माणसाला 'मी बोलत नव्हतों'. दोहोंच्या मधला, आजचा, साधा 'मी बोलतों' कोठेंच नाहीं.

येथपर्यंत हा सारा खेळ माझ्या दृष्टीनें करमणुकीचाच होता. पण एखादा शब्द डोक्यांत घोळूं लागला म्हणजे तो नको त्या दारावर थाप मारतो.

मी बारा वर्षांचा असतांना वडील गेले. दादा तेव्हां पुण्यास कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला होते, विषय संस्कृत. पंधरा दिवसांत ते ट्रंक घेऊन घरीं परतले आणि महिन्याभरांत एका कचेरींत कारकून म्हणून चिकटले. मी पुढें इंजिनियर झालों. पुण्यांतल्या माझ्या सगळ्या वर्षांत दर महिन्याच्या पांच तारखेच्या आंत मनीऑर्डर येई. खालच्या चिठोऱ्यावर दादांच्या वळणदार अक्षरांत दोन वाक्यें असत: "पैसे पोंचल्याचें कळवावें. काळजी करूं नये." वाक्यें पाहा, यांतहि 'मी' नाहीं.

सोळा वर्षांपूर्वीं मी नोकरींतून निवृत्त झालों तेव्हां स्नेह्यांनीं सत्कार केला. हार झाले, शाल झाली, आणि उत्तर देण्यासाठीं मी उभा राहिलों. समोर तरुण मंडळी होती. त्यांना स्फूर्ति द्यावी असें मनांत आलें. मी बोलूं लागलों. मीं लहानपणीं वडिलांचें छत्र गमावलें. मीं शिकवण्या करून शिक्षण केलें. मी अर्धपोटीं राहिलों, पण मीं कोणापुढें हात पसरला नाहीं. शिकवणी मीं एकच केली होती, तीहि चार महिने, आणि त्या पैशांतून सायकल घेतली होती. टाळ्या फार झाल्या. दुसऱ्या रांगेंत काठीवर दोन्ही हात ठेवून दादा बसले होते. त्यांनींहि टाळ्या वाजविल्या. घरीं परततांना ते म्हणाले, "भाषण छान झालें. आवाज शेवटपर्यंत पोंचत होता."

पुढें एक शब्द त्यांनीं कधीं काढला नाहीं, मींहि नाहीं. मनाची समजूत घालण्याचीं साधनें माणसापाशीं पुष्कळ असतात. भाषणांत थोडी अतिशयोक्ति चालते. दादांनीं तें मनावर घेतलें नसेल. आतां उकरून काढण्यांत काय अर्थ. सोळा वर्षें हीं वाक्यें मीं आळीपाळीनें वापरलीं. 'फारी'च्या कोष्टकांतली ती रेघ पाहतांना आधीं मीं हंसलों खरा. पण त्या रात्रीं उशीरापर्यंत झोंप आली नाहीं. ज्या दिवशीं 'मी' नको होता त्या दिवशीं माझ्या तोंडीं तो प्रत्येक वाक्याला होता. आणि जेथें तो हवा होता तेथें सोळा वर्षें नुसती आडवी रेघ होती.

दुसऱ्या दिवशीं मीं शेजाऱ्यांना विचारलें, "या धातूपासून झालेलें, पण ज्याला 'मी'चें रूप आहे, असें दुसरें क्रियापद नाहींच का?" त्यांनीं थोडा विचार केला, पुस्तक चाळलें आणि एका शब्दावर बोट ठेवलें. 'फातेओर.' हेंहि त्याच मुळापासून निघालेलें. याचीं रूपें सगळीं चालतात, 'मी'चें तर अवश्य चालतें. अर्थ मात्र निराळा: मी कबूल करतों. त्यालाच उपसर्ग लागून 'कोन्फितेओर' होतें. त्यावरूनच ऑगस्टिनच्या ग्रंथाचें नांव आणि इंग्रजी 'कन्फेशन'. दुसरा उपसर्ग लागून 'प्रोफितेओर', मी उघडपणें सांगतों. त्यांतून आपले प्रोफेसर.

शेजारी जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं डोळे मिटले आणि 'कोन्फितेओर' या शब्दानें सुरू होणारी ती प्रार्थना अखेरपर्यंत म्हटली. मध्यें एका ठिकाणीं तीन वेळां मूठ छातीवर हलकेच आपटली. "गुडघे टेकून म्हणायचों आम्ही," ते म्हणाले, "पाद्रीसाहेब आधीं म्हणायचे, मग आम्ही पोरं. अर्थ ठाऊक नव्हता. कुमसार म्हणजे काय तें कळेपर्यंत मोठे झालों, आणि मोठे झाल्यावर तें करणं सोडून दिलं."

साध्या 'मी बोलतों'ला जें क्रियापद मुकलें, त्याच्याच घराण्यांत 'मी कबूल करतों'ला मात्र जागा मिळाली. भाषेनें हें कांहीं आपल्या शिकवणीसाठीं केलेलें नाहीं, हें मीं आधींच सांगितलें आहे. पण वाटेंत पडलेला दगड कोणी मुद्दाम ठेवलेला नसला, तरी ठेंच लागावयाची ती लागतेच.

वाईस जाऊन दादांशीं बोलावें असें मीं ठरविलें. पितृपक्ष झाल्यावर जाऊं म्हटलें, मग दिवाळी झाल्यावर. कार्तिकांत एके दिवशीं पहाटे वहिनींचा फोन आला. दादांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वांचला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

डॉक्टरांनीं वाचाघात हा शब्द वापरला. ऐकूं येतें, माणसें ओळखूं येतात, पण शब्द सांपडत नाहीं. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्यानें १८६१ मध्यें अशाच एका रोग्याचें वर्णन केलें, त्या बिचाऱ्यापाशीं 'तां' एवढा एकच उच्चार उरला होता. दादांची स्थिति त्याहून बरी, पण पाणी हवें असतां ते 'छत्री' म्हणत, आणि चुकलें हें स्वतःला कळून मान फिरवीत. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून शुद्ध रूप येईपर्यंत थांबणारा हा माणूस. आतां त्यांच्या रूपासाठीं आम्ही थांबावयाचें आणि तें यावयाचें नाहीं.

वहिनी म्हणाल्या, "नवल काय भावजी, पाणी म्हणतां येत नाहीं, पण सकाळीं मीं स्तोत्र सुरू केलं कीं पुढचं सगळं म्हणतात." डॉक्टरांना याचें नवल वाटलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांतच ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्यानें हें टिपून ठेवलें आहे. मुद्दाम जुळवून बोलावयाची शक्ति गेली तरी पाठ झालेलें पुष्कळदां राहतें: अंक, प्रार्थना, गाणीं. तें आपोआप येतें. त्यावरून अर्थ कळतो असें समजूं नये, असेंहि त्यांनीं बजावलें.

संध्याकाळीं मी दादांच्या पलंगाशीं बसलों. बाहेर ओसरीवरचा दिवा लागला होता. काय बोलावें तें सुचेना, म्हणून जुन्याच सुरांत सुरुवात केली, "आह, आहतुः."

दादांचे ओठ हलले. "आहुः," ते म्हणाले. अगदीं स्पष्ट. "आत्थ, आहथुः."

आणि ते थांबले.

ते माझ्याकडे पाहत होते. पांच रूपें संपलीं होतीं, म्हणून ते थांबले असतील. दम लागला असेल. पण साठ वर्षांपूर्वीं पुढचें रूप माझ्याकडून यावयाचें असे तेव्हां ते असेच थांबत, हें मी कसें विसरूं? 'ब्रूथ' माझ्या ओठांवर होतें. तें मीं म्हटलें नाहीं.

मी म्हणालों, "दादा, त्या दिवशीं भाषणांत मी खोटें बोललों. माझें शिक्षण तुमच्या मनीऑर्डरींवर झालें. तुमचें राहिलें तें माझ्यामुळें. हें मीं तेव्हांच चारचौघांत सांगावयास हवें होतें. मीं सांगितलें नाहीं."

वाक्यें साधींच होतीं. सोळा वर्षें लागावींत असें त्यांत कांहीं नव्हतें. दारांत वहिनी उभ्या होत्या, त्या आंत गेल्या. दादा बराच वेळ तसेच पाहत राहिले. मग त्यांचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या मनगटावर पडला.

"ब्रूथ," ते म्हणाले. "ब्रवीमि, ब्रूवः, ब्रूमः."

त्यांना किती कळलें, मी सांगूं शकत नाहीं. डॉक्टरांनीं बजावलेलें मला ठाऊक आहे. रूपावली अर्धी राहिली होती, ती त्यांनीं पुरी केली. याहून अधिक त्यांत पाहण्याचा मला अधिकार नाहीं. पण मला एक गोष्ट नव्यानें जाणवली. लॅटिन व्याकरणांत कोष्टकाचा आरंभ 'मी'पासून होतो. तो पहिलाच रकाना रिकामा असला कीं डोळ्यांत भरतो. आपल्या व्याकरणांत 'तो' प्रथम पुरुष, 'मी' उत्तम पुरुष, आणि उत्तम पुरुष येतो सर्वांच्या शेवटीं. तो आणि ते, तूं आणि तुम्ही, सगळे होऊन गेल्यावर मग 'ब्रवीमि'. उशीर हा त्या कोष्टकांतच धरलेला आहे.

शिवाय लॅटिनमध्यें द्विवचन नाहीं. तिकडे 'मी'नंतर एकदम 'आम्ही'. आपल्याकडे मध्यें आणखी एक जागा आहे.

आतां दर रविवारीं मी वाईस जातों. लॅटिन सध्यां मागें पडलें आहे. शेजाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नाहीं. मध्यंतरीं एकदां तेहि माझ्याबरोबर आले आणि दादांच्या पायथ्याशीं बसून राहिले. संध्याकाळीं ओसरीवरचा दिवा लागला कीं आमची उजळणी सुरू होते. दादा बहुतेक रूपें म्हणतात, एखादें राहतें तें मी पुरवितों. 'ब्रवीमि'पाशीं ते थोडे रेंगाळतात. नंतरचें रूप आम्ही दोघे मिळून म्हणतों.